‘शिक्षा’ नावाचा खेळ

लालबाग, बुऱ्हाणपूर
१४ जुलै २०१४

प्रिय नंदूदादा,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन लावून पाहिला. पण खाली यंत्रमाग सुरू झाले की वरच्या खोलीत आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, हे तुला सांगायला नको. कंपनीच्या नव्या चॅटवर लिहावं तर ते म्हणे इंदूरचे सगळे वाचू शकतात. मग म्हटलं, सरळ पत्र लिहावं. पोस्टात पाकिटं अजून मिळतात, फक्त मागितल्यावर तो माणूस आपल्याकडे जरा निरखून बघतो.

तर तू इंदूरला गेल्यावर आपल्या तिघांच्या संस्थानाचं तुझ्या कंपनीत विलीनीकरण झालं. हा शब्द बाबांचा. परवा निंबोल्याहून केळीचा घड घेऊन आले, जिन्यात नवी पाटी वाचली आणि म्हणाले, "एक जमान्यात होळकराचं इंदूर विलीन झालं होतं. आता इंदूर आपल्याले विलीन करून राहिलं. राजाले तनखा तरी भेटला, तुले काय भेटलं?" मी म्हटलं, पगार. "दर महिन्याले?" मी हो म्हटल्यावर गप्प बसले. तुझ्या पंडितमामांना गप्प बसवणं किती अवघड आहे ते तू लहानपणापासून बघतोच आहेस.

‘खटका गेम्स’ची जुनी पाटी कडूनं उतरवली आणि पुसून माझ्या टेबलामागे ठेवली. मला भरून आलं. मागाच्या आवाजावरून ते नाव तूच सुचवलं होतंस. काय होतो रे आपण तीन वर्षांपूर्वी? तू कॉम्प्युटरचे क्लास घेणारा, मी लग्नपत्रिकांवर गणपती काढणारी आणि कडू मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डोळे बारीक करून बसणारा. तिघांनी मिळून एक खेळ केला. निंबोल्याच्या शाळेत गुरुजी अंगठे धरायला लावायचे. ते फळ्याकडे वळले की पोरगा सरळ व्हायचा आणि ते परत वळायच्या आत पुन्हा वाकायचा. एवढाच खेळ, आणि नाव ‘शिक्षा’. इथल्या लोकांनी वेड्यात काढलं, आणि बघता बघता लाखावर फोनांत जाऊन बसला. तो आकडा तू दाखवलास त्या दिवशी कडूनं खालच्या मागवाल्यांना जिलेबी वाटली होती.

नव्या ऑफिसच्या उद्घाटनाला तुझ्या कंपनीचे पालीवालसाहेब आले होते. नारळ फोडला आणि भाषण केलं, "शिक्षा ही जीवन है। आप लोगों ने शिक्षा को खेल बना दिया।" कडू माझ्या कानाला लागला, "ताई, याले वाटते आपण शाळा काढली." मला हसू आवरेना, पदर तोंडाला लावला, तर साहेबांना वाटलं मी भारावून गेले.

पण दादा, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि आपली शिक्षा म्हणजे अंगठे धरणं, हे त्यांना कोणी सांगितलं आहे ना? त्यांनी खेळ उघडून बघितला असेलच म्हणा. एवढी मोठी कंपनी.

कुसुमआत्याला तिकडची हवा मानवली का? तिला माझा नमस्कार. करारातली दोन वर्षं आम्ही जागचे हलत नाही, तू आपल्या पुढच्या खेळाचं, ‘झोक्या’चं लक्षात ठेव.

तुझी,
कोकिळा


इंदूर
६ ऑगस्ट २०१४

चि. कोकिळास अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. आईनं दोनदा वाचून घेतलं आणि पंडितमामांच्या तनख्यावर पुष्कळ हसली. तिला इथे शेजार मिळालेला नाही, पण मिळेल.

पालीवालसाहेब मोठे गृहस्थ आहेत. मोठी माणसं भाषणात बोलतात ते सगळं मनावर घ्यायचं नसतं. शब्दाचा अर्थ काय, हे त्यांनी विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही. ते आकडे बघतात. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण भांडं वाजवत जावं असंही कोणी म्हटलेलं नाही.

दोन लहान बदल हवे आहेत. गुरुजींच्या हातातली छडी काढायची. आणि मुलगा नुसता वाकून उभा राहतो, त्याऐवजी वाकून पाढे म्हणेल. तू मनात आणलंस तर आठ दिवसांचं काम आहे. हे झालं की ‘झोका’ मी स्वतः साहेबांपुढे ठेवतो. त्यांना कल्पना आहे.

कडूला म्हणावं, चॅटवर जपून लिही.

तुझा,
नंदकुमार


लालबाग
२ फेब्रुवारी २०१५

प्रिय दादा,

तुझ्या आठ दिवसांच्या कामाला पाच महिने लागले. छडी काढून घेतली, तर गुरुजींचा हात रिकामा दिसायला लागला. मोबाइलवर बोलत असल्यासारखा. मग इंदूरहून निरोप आला की हातात फूल द्या. दिलं. आता आपले गुरुजी वर्गात गुलाबाचं फूल घेऊन फिरतात आणि पोरगा अंगठे धरून सतराचा पाढा म्हणतो. कडू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, गुरुजींचं लग्न आहे का कोणाशी?"

पाढे आले म्हणून आईबाप खूश होतील असं वाटलं होतं. एका बाईनं फोनवर खेळाच्या खाली हिंदीत लिहिलं आहे, ‘इसमें शिक्षा कहाँ है? बच्चा तो झुका खड़ा है।’ कडू म्हणाला, "यात तर शिक्षाच शिक्षा आहे, या बाईले सांगा कोणी." हसलो आम्ही. पण हसून झाल्यावर मला ते बरं वाटलं नाही. तशीच आणखीही लिहिलेली आहेत, मी पुढे वाचली नाहीत.

त्यापेक्षा ‘झोक्या’चं सांगते. सकाळची वेळ मी त्याला देते, दुपारनंतर इंदूरचं काम. आखाजीच्या सणाला माहेरी आलेली पोरगी, अंगणातला निंब, त्याला दोर. बोटानं ढकलायचं. झोका जितका वर जाईल तितकं लांबचं दिसतं. आधी परसातली चूल, मग केळीची बाग, मग रस्ता. गुण नाहीत, घड्याळ नाही, कोणी हरत नाही. कडू निंबोल्याला जाऊन दोराची करकर फोनवर टिपून घेऊन आला. आमच्या आईनं विचारलं, "शेजारच्या मालूबाईच्या झाडाची करकर इंदूरले विकतीन का रे?" मी सांगितलं, विकतील. निंबाची पानं मी एकेक काढली आहेत, दादा. आजवर काढलेल्यातलं हे सगळ्यात चांगलं आहे, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण सांगायला इथे दुसरं कोणी नाही.

साहेबांना दाखवलंस का?

कोकिळा


लालबाग
१२ एप्रिल २०१५

प्रिय दादा,

फेब्रुवारीच्या पत्राला तुझं उत्तर नाही. कामात असशील. आता मात्र उत्तर पाहिजेच आहे, आणि लवकर पाहिजे.

रावेरच्या एका खासगी शाळेत चित्रकलेच्या बाईंची जागा निघाली. गंमत म्हणून अर्ज केला होता, त्यांनी बोलावलं आणि घेतलंसुद्धा. जूनला रुजू व्हायचं. वयाच्या अटीत मी यंदाच बसते, पुढच्या वर्षी कोणी दारात उभं करणार नाही. बाबा म्हणतात जा. आई म्हणते, लग्नाचं तर तू संपवूनच टाकलंस, आता एवढं तरी कर. गाडीनं रोज जाऊन येऊन करता येईल. कायमची नोकरी आहे.

इथे राहायचं तर एका कारणासाठी राहीन, आणि तेच तुला विचारायचं आहे. आकडे तुला दिसतात, आम्हाला इथे दिसत नाहीत. मुलं आपला खेळ खरंच खेळतात का? किती जणांनी घेतला ते नको सांगूस. उघडून खेळतात का, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतात का, तेवढं सांग. खेळत असतील तर मी कुठेही जात नाही, पगार निम्मा केलात तरी जात नाही. खेळत नसतील तर सरळ लिही. मला वाईट वाटेल, पण ते मी निभावीन, आणि रावेरला जाऊन पोरांना सफरचंद काढायला शिकवीन.

करार मोडेल, कडूचं काय होईल, हे मला समजतं. पण ते सगळं बाजूला ठेवून उत्तर दे. तू माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीस म्हणून तुला विचारते आहे.

कोकिळा


इंदूर
२० एप्रिल २०१५

प्रिय कोकिळा,

खेळतात.

मी दर महिन्याला आकडे पाहतो. पुन्हा पुन्हा उघडतात. बिहारपर्यंत मुलं खेळतात. कोण कुठल्या बाईनं काय लिहिलं त्यावर जाऊ नकोस. ज्यांना आवडतं ती मुलं लिहीत नाहीत, खेळतात.

रावेरची नोकरी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण शाळेत चित्र काढायला शिकवणाऱ्या पुष्कळ असतात. तुझ्यासारखा हात इथे साऱ्या इंदुरात मी पाहिला नाही. थांब. पुढच्या आखाजीला ‘झोका’ बाहेर काढू.

उद्या आखाजी. आईला निंबोल्याची फार आठवण येते आहे.

तुझा,
नंदूदादा


लालबाग
९ जून २०१५

दादा,

रावेरला ‘नाही’ कळवलं. आई जेवली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "नंदू म्हणतो तं ठीक आहे, त्याले मालूम असेल."

आणि मी काय सांगू, सकाळपासून मला आपलं हसूच येतं आहे. बिहारमध्ये कुठल्याशा गावी कोणी पोरगी माझ्या गुरुजींची पाठ वळली बघून हळूच सरळ होत असेल, एवढं मनात येतं आणि हात भराभरा चालतो. एवढ्यावर मी पुष्कळ दिवस काढू शकते. तू स्पष्ट सांगितलंस, फार बरं केलंस.

कोकिळा


इंदूर
१८ मार्च २०१६

प्रिय कोकिळा,

बऱ्याच महिन्यांत लिहिणं झालं नाही. मधली तुझी तीनही पत्रं मिळाली होती. आज लिहायचं कारण म्हणजे एक गमतीचा प्रकार झाला, तो तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी कळवावा.

कंपनीला खेळ महाराष्ट्रात न्यायचा होता. त्यासाठी मालती नावाच्या एक बाई घेतल्या, इथल्या जुन्या मराठी घरातल्या. बैठकीत जाहिरात भिंतीवर लावली होती. हिंदीत होतं, ‘हर बच्चे को मिले शिक्षा’. कोणीतरी ते मशीनमधून मराठी करून आणलं, ‘प्रत्येक मुलाला शिक्षा मिळालीच पाहिजे’. खाली गुलाबवाले गुरुजी. मालतीबाई ते वाचून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाल्या, "सर, मराठी में शिक्षा मतलब सज़ा।"

साहेब माझ्याकडे वळले. "नंदकुमारजी, आपको पता था?" मी म्हटलं, "सर, हमारे यहाँ दोनों चलता है।"

तसं ते खोटं नाही. बुऱ्हाणपुरात दोन्ही चालतं. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच तिथे बसून खेळ उघडला, मुलगा वाकलेला पाहिला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. आपलं विलीनीकरण त्या एका शब्दावर झालं होतं असं आता इथले लोक बोलतात. लोकांना काय, बोलायला तोंड आहे.

तिकडचं ऑफिस तूर्त थोडं आटोपतं घेणार आहेत. तूर्तच. मालतीबाई येऊन बघून जातील. काळजी करू नकोस.

नंदकुमार


निंबोला
३ मे २०१६

नंदूदादा,

तुझ्या ‘थोडं आटोपतं’चा अर्थ सांगते. मालतीबाई आल्या त्या टेम्पो घेऊन. कॉम्प्युटर गेले, टेबलं गेली, पंखासुद्धा उतरवला. कडू टेम्पोपर्यंत एकेक डबा स्वतः उचलून देत होता, जपून, तारा गुंडाळून. मला म्हणाला, "ताई, यांना नीट गुंडाळता येत नाही." दुसऱ्या दिवसापासून तो जुन्या मोबाइलच्या दुकानात बसायला लागला.

बाई वाईट नाहीत. जिन्यात बसून चहा प्यायल्या, आणि बोलता बोलता त्यांनी आपल्या फोनवर मला सगळं दाखवलं. त्यांना वाटत होतं मला माहीत आहे. लोक फोनवर ‘शिक्षा’ शोधतात, पोराच्या अभ्यासासाठी. आपला खेळ समोर येतो. घेतात, उघडतात, अंगठे धरलेलं पोरगं बघतात आणि काढून टाकतात. एक मिनिटही कोणी थांबत नाही. आज नाही, यंदा नाही, पहिल्या वर्षापासून. कडूनं जिलेबी वाटली त्या दिवशीसुद्धा हेच होतं. मी विचारलं, बिहारमध्ये? त्या म्हणाल्या, बिहारमध्ये तर जास्तच, तिथले लोक शिक्षा फार शोधतात. आणि मग म्हणाल्या, "हे दर महिन्याला नंदकुमारजींकडे जातं की. तुम्हाला नाही दाखवलं?"

मी म्हटलं, दाखवलं होतं, माझ्या लक्षात राहिलं नाही. तुझी अब्रू मी का झाकली ते मला अजून कळलेलं नाही. आतेभाऊ आहेस म्हणून असेल.

दादा, मला तुझा राग आला आहे. इतका की तुझं नाव लिहिताना पेन कागदात रुततं. मी तुला एकच गोष्ट विचारली होती. माझी चित्रं वाईट आहेत असं त्या लाख लोकांतलं कोणी म्हणालं असतं तर मी ऐकून घेतलं असतं, सुधारली असती. ती कोणी बघितलीच नाहीत रे. ते शाळा शोधत होते आणि मी वाटेत उभी होते. आणि मी आपली वर्षभर हसत बसले, बिहारची पोरगी सरळ झाली म्हणून.

मी मालतीबाईंना ‘झोक्या’चं विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठला झोका?" तू साहेबांपुढे ते नावसुद्धा काढलेलं नव्हतंस. मग मी तो दाखवला. त्यांनी बघितला, पण त्यांच्या टेम्पोवाल्याला घाई होती. म्हणाल्या, कंपनीला हे नको आहे, तुम्ही ठेवून घ्या. कॉम्प्युटर जायच्या आधीच कडूनं तेवढा आपल्याकडे उतरवून ठेवला होता.

रावेरच्या शाळेत जाऊन आले. माझ्या जागी जळगावची एक मुलगी आहे. चांगली शिकवते म्हणाले.

कोकिळा


इंदूर
२६ जून २०१६

प्रिय कोकिळा,

तुझा राग समजतो. पण थोडं माझ्या बाजूनंही बघ. तू गेली असतीस तर करार त्याच दिवशी मोडला असता, आणि वर्षभराचे तुमचे पगार मोडले असते. मी आकडे लपवले नाहीत, फक्त दाखवले नाहीत. आणि खरं सांगू, मलाच वाटत होतं की पुढच्या महिन्यात बदलतील. दर महिन्याला वाटत होतं.

मलाही इथे आता प्रश्नमंजूषा करायला बसवलं आहे. ‘सही उत्तर पर टिक करें.’ दिवसभर तेच.

इकडे ये. फळांची आणि प्राण्यांची चित्रं काढायला माणूस हवा आहे, मी शब्द टाकतो. आई तुझी वाट बघते.

नंदूदादा


निंबोला
१० जानेवारी २०१७

दादा,

शब्द टाकू नकोस. तुझ्या शब्दावर मी एकदा थांबले, तेवढं पुरे झालं.

केळीच्या पेट्यांवर छापायची चित्रं काढते. फोपनारच्या एका व्यापाऱ्याला वाघ हवा होता, केळी खाणारा. काढून दिला. दुकान बंद झालं की कडू मोटरसायकलवर येतो आणि आम्ही दोघं ‘झोका’ पुढे ढकलतो. बाबा मध्येच येऊन मागे उभे राहतात. परवा म्हणाले, "पोरी, हे कोण खेळीन?" मी म्हटलं, माहीत नाही. "मंग कशाले करून राहिली?" मी निंबाचं आणखी एक पान काढायला घेतलं.

आखाजीला फुकट सोडणार आहोत. आत्याला सांग, मी तिच्यावर रागावलेली नाही.

कोकिळा


इंदूर
९ मे २०१७

माझी गुणी बहीण कोकिळा,

‘झोका’ खेळलो! आखाजीच्या दिवशीच घेतला आणि एका बैठकीत शेवटपर्यंत गेलो, उठवेना. काय काम केलं आहेस! शेवटी झोका अगदी वर जातो आणि तिला तिचं माहेरचं घर दिसतं, तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईलाही दाखवलं, तीही रडली. ऑफिसात सगळ्यांच्या फोनवर आहे, त्यांची मुलं हातातून सोडत नाहीत असं म्हणतात. साऱ्या देशात खेळत असतील. तुझ्या हाताला यश आलं, मी म्हणतच होतो.

झालं गेलं आता विसरून जाऊ. आता तरी मला माफ केलंस असं दोन ओळी लिहून कळव.

तुझा,
नंदूदादा


निंबोला
१९ मे २०१७

नंदूदादा,

कडूनं ‘झोक्या’त मोजणी बसवली आहे. इंदूरवाल्यांनीच त्याला शिकवली होती, ती उपयोगी पडली. कोणत्या गावी उघडला, किती वेळ खेळला, सगळं आता माझ्याच फोनवर येतं. कोणाला विचारायला लागत नाही.

आजपर्यंत तीन फोन. एक माझा, एक कडूचा आणि एक इंदूरचा. इंदूरला दुसरा नाही, ऑफिसातलाही नाही, कोणाच्या मुलाचाही नाही. त्या फोनवर तो आखाजीच्या दिवशी एकदा उघडला. पोरीनं दोन झोके घेतले आणि खेळ बंद झाला. मिनिटसुद्धा नाही. पुन्हा उघडलेला नाही.

मला आता रागही येत नाही. तू चांगलं वाटावं म्हणूनच लिहिलंस, हे मला कळतं. मागच्या वेळीही तसंच असेल. खेळ कोणी खेळलं नाही, तेही मी सोसलं आहे, बाबांनी मला आधीच सांगितलं होतं. पण तू तरी खेळशील असं मला वाटलं होतं.

शेवटी माहेरचं घर दिसत नाही, दादा. ते कसं दिसेल? झोका माहेरच्याच निंबाला बांधलेला आहे, पोरगी घरीच आहे. झोका पार वर गेला की रस्त्यावर तिला सासरहून न्यायला येणारी गाडी दिसते. मग ज्यानं त्यानं ठरवायचं, झोका खाली घ्यायचा की बघत राहायचं. खाली घेतला तरी गाडी थांबत नाही. फक्त दिसत नाही.

आत्याला नमस्कार सांग. आता पत्र लिहू नकोस. खेळलास तर मला इथे कळेलच.

कोकिळा